पोळ्याच्या पुरणात आणि रोजच्या चहात साखरेऐवजी मंक फ्रूट: प्रमाण किती, कशात जमतं, कशात नाही?

बर्डीवाली_सुगरण

नमस्कार मंडळी. घरात दोघांना टाइप २ मधुमेह आहे. एकाला ग्लिमेपिराइडची गोळी सुरू आहे, दुसऱ्याची अँजिओप्लास्टी झाली आहे. आहारतज्ज्ञांनी साखर आणि गूळ दोन्ही कमी करायला सांगितले आणि गोडासाठी मंक फ्रूट चालेल म्हणाल्या. दुकानात आणि ऑनलाइन तीन प्रकार दिसून राहिले आहेत: साखरेसारखी दाणेदार पिशवी, छोट्या डबीतली फिकट पिवळी पावडर आणि ड्रॉपरवाली बाटली. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तिन्हींवर मोठ्या अक्षरात मंक फ्रूटच लिहिलंय.

१. यातलं घ्यायचं कोणतं?
२. चहा, शेवयांची खीर आणि पोळ्याची पुरणपोळी यांत प्रमाण काय? आपल्याकडे पोळीत पुरण ठासून भरतात, त्यामुळे गुळाचं प्रमाण फार होतं.
३. पाकातले पदार्थ होतात का?
४. हृदयरोग्याला चालतं का?

दुसरा मधुमेहींचा गोड पदार्थ सुचवू नका, तो धागा वेगळा आहे. इथे फक्त मंक फ्रूटबद्दल नेमकं सांगा.

---

लेबल_तपासनीस

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाकिटाच्या मागच्या बाजूला आहे, पुढच्या बाजूला नाही.

मंक फ्रूट ही दक्षिण चीनमधली वेल, मुख्यतः ग्वांग्शी प्रांतात पिकते. काकडी, दोडका, कारल्याच्याच कुळातली. फळातली गोडी मोग्रोसाइड नावाच्या घटकांमुळे येते, त्यातलं मोग्रोसाइड-५ सगळ्यात महत्त्वाचं. शुद्ध स्वरूपात ते साखरेच्या साधारण २५० पट गोड असतं. फळात फ्रुक्टोज आणि ग्लुकोजही असतं, पण अर्क काढताना ते वेगळं केलं जातं, म्हणून अर्कातून कॅलरी जवळजवळ मिळतच नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, या अर्काच्या सुरक्षिततेबद्दल हरकत नसल्याचं २०१० मध्ये कळवलं.

आता तुमचे तीन प्रकार.

दाणेदार पिशवी म्हणजे बहुतेक वेळा एरिथ्रिटॉल, साखरेसारखा दिसणारा पण जवळजवळ बिनकॅलरीचा गोड पदार्थ. एरिथ्रिटॉलची गोडी साखरेच्या ६० ते ७० टक्के असते. उरलेली गोडी भरून काढायला १०० ग्रॅममध्ये पाव ते एक ग्रॅम अर्क पुरतो. म्हणजे पिशवीवर नाव मंक फ्रूटचं असलं तरी वजनाने ९९ टक्क्यांच्या आसपास एरिथ्रिटॉल आहे. हे वाईट आहे असं नाही, पण आपण काय खातो ते माहीत हवं. तुमच्या चौथ्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे.

छोटी डबी म्हणजे शुद्ध अर्क. त्यावर मोग्रोसाइड-५ किती टक्के ते लिहिलेलं असावं: २५, ३० किंवा ५० टक्के. टक्केवारी नसेल तर घेऊ नका, कारण मग प्रमाण काढताच येत नाही.

ड्रॉपरची बाटली म्हणजे अर्क, पाणी आणि टिकवणारा पदार्थ. चहापुरती सोयीची. काहींमध्ये स्टीव्हिया किंवा सुक्रालोजही मिसळलेलं असतं.

पाकीट हातात घेतलं की एवढं बघा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिलं नाव सगळ्यात जास्त. आकडे असतील तर ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल, ९६७ झायलिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. माल्टिटॉलने रक्तातली साखर बऱ्यापैकी वाढते, ते मधुमेह्याला नको. झायलिटॉल घरात कुत्रा असेल तर आणूच नका, कुत्र्यांना ते विषारी आहे.

यादीत माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) किंवा डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोजच) दिसलं तर पाकीट परत ठेवा. हे दोन्ही रक्तात साखरेइतक्याच, किंबहुना जास्त वेगाने उतरतात. यादी बारीक अक्षरात असेल किंवा नीट छापलेली नसेल तर पोषणमूल्यांचा तक्ता बघा. १०० ग्रॅममागे ऊर्जा ० ते २० किलोकॅलरी असेल तर भरणा एरिथ्रिटॉलचा आहे. ३८० ते ४०० च्या घरात असेल तर भरणा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोजचा आहे, पुढे काहीही लिहिलेलं असो. ही एक तपासणी बहुतेक फसवणूक पकडते. १४ आकडी एफएसएसएआय (भारताची अन्नसुरक्षा संस्था) परवाना क्रमांक नसलेली सुटी पावडर तर कोणाकडूनच घेऊ नका.

---

वऱ्हाडी_पाकशाळा

प्रमाणाचं मी सांगते. आधी एक गोष्ट पक्की करून घ्या: साखर फक्त गोड करत नाही. ती पदार्थाला वजन देते, ओलावा धरते, पाकाला तार आणते, तांबूस रंग आणते आणि पदार्थ टिकवते. मंक फ्रूटचा अर्क यातलं गोडीचं एकच काम करतो. कोणता पदार्थ जमेल आणि कोणता फसेल हे यावरूनच ठरतं.

मोजायचं कसं. शुद्ध अर्क चमच्याने मोजायचा नाही. चमच्याच्या टोकावर जास्तीची चिमूट आली तरी खीर तोंडात धरवत नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, सोनार वापरतात तसला. नागपूरला इतवारीत सराफ्याच्या आसपास मिळतो, ऑनलाइनही मिळतो.

५० टक्के मोग्रोसाइडची पावडर असेल तर १ ग्रॅम म्हणजे १५० ग्रॅम साखरेची गोडी, असं धरून सुरुवात करा. २५ टक्क्यांची असेल तर निम्मी. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून पहिल्यांदा हिशेबाच्या तीन चतुर्थांशच घाला आणि चाखून वाढवा. घातलेली गोडी काढता येत नाही.

पुढची सगळी प्रमाणं ५० टक्क्यांच्या पावडरीची आहेत. रोजच्या वापरासाठी घरीच द्रव करून ठेवा. १५० मिली पाणी उकळा, कोमट झाल्यावर १ ग्रॅम पावडर टाकून नीट ढवळा आणि उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा. आता १ मिली द्रव म्हणजे १ ग्रॅम साखर, ५ मिली म्हणजे एक चहाचा चमचा. मेडिकलमधली सुई नसलेली सिरिंज मोजायला उत्तम. हा द्रव फ्रीजमध्येच ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. यात टिकवणारं काहीच नाही, गढूळ दिसला किंवा वास आला की फेका.

चहा. एका कपाला ४ मिलीपासून सुरू करा. उकळताना घातलं तरी बिघडत नाही, मोग्रोसाइड उष्णतेने मोडत नाही. पण कपात घाला, म्हणजे ज्याला हवं त्यालाच जातं. पहिल्या घोटाला चहा फिका वाटेल, कारण ही गोडी जिभेवर उशिरा चढते आणि उशिरा उतरते. म्हणून पहिला घोट घेऊन लगेच आणखी घालू नका. मागे ज्येष्ठमधासारखी चव रेंगाळते, ती आलं-वेलचीच्या चहात झाकली जाते, कोऱ्या चहात उघडी पडते.

शेवयांची खीर. १ लिटर दूध, ६० ग्रॅम तुपात परतलेल्या शेवया. एरवी १०० ग्रॅम साखर लागते. इथे अर्धा ग्रॅम पावडर दोन चमचे गरम दुधात विरघळवून शेवटी घाला, लागलं तर आणखी ०.१ ग्रॅम. इथे द्रव वापरू नका, १०० मिली पाणी खिरीत जाईल. साखर नसल्याने खीर जिभेला पातळ लागते, म्हणून दूध नेहमीपेक्षा थोडं जास्त आटवा. चिमूटभर मीठ घाला. मिठाने मागची चव दबते, हे सगळ्याच मंक फ्रूटच्या गोडांना लागू आहे.

पुरण. इथे सरळ सांगते, गूळ पूर्ण काढून पुरण चांगलं होत नाही. कारणं दोन. गूळ वितळून डाळीला बांधतो. तो नसला की पुरण कोरडं, भुसभुशीत होतं आणि लाटताना पोळी फाटते. दुसरं, या अर्काच्या गोडीला कमाल मर्यादा आहे. साधारण १० टक्के साखरेच्या पाण्याइतक्या गोडीपर्यंत तो चांगला वाढत जातो, पुढे कितीही घाला, गोडी थोडीच वाढते आणि कडसर चव मात्र वाढते. खीर या मर्यादेच्या आसपास आहे, म्हणून जमते. पुरण त्याच्या कितीतरी पुढे आहे.

२५० ग्रॅम हरभरा डाळीला २५० ग्रॅम गुळाऐवजी असं करा:

गूळ ८० ग्रॅम, अर्क ०.५ ग्रॅम, साजूक तूप २ चमचे, मीठ पाव चमचा, जायफळ आणि वेलची नेहमीच्या दीडपट.

डाळ २ तास भिजवून मऊ शिजवा. कट पूर्ण निथळू द्या, चाळणीत निदान १५ मिनिटं. डाळ गरम असतानाच वाटून घ्या. कढईत तूप, गूळ आणि वाटलेली डाळ घालून मध्यम आचेवर हलवा. गूळ कमी असल्याने पुरण फार पातळ होत नाही आणि लवकर घट्ट होतं, नेहमीच्या निम्म्या वेळात. इथेच बिघडतं: सवयीने आटवत राहिलं तर पुरण कोरडं पडतं. उलथणं मधोमध उभं राहिलं की लगेच उतरवा, त्याच्याही किंचित आधी उतरवलं तरी चालेल, गार झाल्यावर आणखी घट्ट होतं. अर्क एक चमचा गरम कटात विरघळवून उतरवल्यावर मिसळा. कोरडी पावडर पुरणात टाकू नका, एका घासात कडू आणि दुसऱ्यात फिकं लागेल.

गोडी नेहमीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येते. वर तुपाची धार आणि सोबत कटाची आमटी असली की ती पुरेशी वाटते.

---

बर्डीवाली_सुगरण

ताई, फार उपयोगी. दोन शंका. गुळाऐवजी दाणेदार मिश्रण घालून बांधणी येईल का? आणि श्रीखंड, गुलाबजाम यांचं काय?

---

वऱ्हाडी_पाकशाळा

दाणेदार मिश्रणाने पुरणाला वजन येतं, बांधणी येत नाही. गरम असताना पुरण छान मऊ दिसतं, गार झालं की एरिथ्रिटॉलचे खडे परत तयार होतात आणि पुरण दाण्यादाण्याचं लागतं.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तरही याच गुणात आहे. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साखर २०० ग्रॅम विरघळते, एरिथ्रिटॉल मात्र ३७ ग्रॅमच. गुलाबजामच्या पाकाला ५०० मिली पाण्यात ५०० ग्रॅम साखर घालतो. तेवढंच एरिथ्रिटॉल उकळत्या पाण्यात विरघळेल, पण पाक गार झाला की १८५ ग्रॅमच्या वरचं सगळं तळाला आणि जामांवर पांढऱ्या खड्यांच्या रूपात बसेल. नुसता अर्क पाण्यात घातला तर ते गोड पाणीच राहतं, त्याला चिकटपणा नाही. जाम ते भसाभस पिऊन फुटतात. तार तर दोन्हींना कधीच येत नाही. म्हणून गुलाबजाम, जिलबी, पाकातले रव्याचे लाडू, फल्लीची चिक्की, अनारसे यांत मंक फ्रूट वापरू नका. हे पदार्थ खायचेच असतील तर साखरेचे किंवा गुळाचेच, छोट्या आकाराचे करा आणि एकच खा.

श्रीखंड उत्तम होतं, फक्त मिश्रणाचं प्रमाण सांभाळा. ५०० ग्रॅम चक्क्यात पाणी साधारण साडेतीनशे ग्रॅम असतं आणि फ्रीजमध्ये एरिथ्रिटॉल ३७ पेक्षाही कमी विरघळतं. २०० ग्रॅम घातलं तर ताजं खाताना छान, दुसऱ्या दिवशी दाताखाली कचकच. ६० ग्रॅम मिश्रण मिक्सरमध्ये पिठीसारखं बारीक करून घ्या आणि उरलेली गोडी ०.४ ग्रॅम शुद्ध अर्काने आणा. एरिथ्रिटॉल नकोच असेल तर नुसता ०.५ ग्रॅम अर्क. साखर घातल्यावर चक्का सैल होतो, इथे तो होत नाही, म्हणून ३ ते ४ चमचे सायीचं दूध फेटून घाला, नाहीतर श्रीखंड घशात अडकतं. केशर-वेलचीने मागची चव झाकली जाते. आम्रखंडात ती जवळजवळ कळतच नाही, पण आंब्याची स्वतःची साखर मोजायला विसरू नका.

सुक्या गोडात, म्हणजे बेसनाचे लाडू किंवा नानकटाई, एरिथ्रिटॉल खाताना तोंडात पेपरमिंटसारखा गारवा जाणवतो. ते विरघळताना उष्णता शोषून घेतं म्हणून. खिरीत आणि चहात ते आधीच विरघळलेलं असतं, म्हणून तिथे गारवा नाही. बारीक दळल्याने कचकच जाते, गारवा राहतोच. भरपूर वेलची आणि खरपूस भाजलेलं बेसन असेल तर लाडवात खपतो.

कुल्फी नुसत्या अर्काची केली तर दगडासारखी गोठते, कारण साखर गोठण्याचा बिंदू खाली आणते आणि अर्काच्या चिमटीने ते होत नाही. खाण्याआधी १० ते १५ मिनिटं बाहेर काढून ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात ५ मिनिटं पुरतील.

---

आहार_वर्धा_रोड

चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. एकेक मुद्दा नीट वाचा, कारण तुमच्या घरातल्या दोन्ही रुग्णांना धोके वेगवेगळे आहेत.

ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे त्यांच्यासाठी दाणेदार मिश्रण टाळा, शुद्ध अर्क घ्या. कारण असं: २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी दाखवलं की ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉलची पातळी जास्त होती त्यांच्यात पुढे हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघाताचं प्रमाण जास्त आढळलं. शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं, म्हणून या एका निरीक्षणावरून खाल्लेल्या एरिथ्रिटॉलमुळेच झटका आला असं म्हणता येत नाही. पण त्याच गटाने २०२४ मध्ये निरोगी माणसांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल देऊन पाहिलं, तेव्हा रक्तातल्या प्लेटलेट गुठळी करायला जास्त तत्पर झालेल्या दिसल्या. ३० ग्रॅम ग्लुकोज दिलेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. अभ्यास लहान आहे, अंतिम निकाल नाही. तरी स्टेंट (अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) असलेल्या माणसाने ही जोखीम घेण्याचं कारण नाही, कारण एरिथ्रिटॉलशिवायचा अर्क बाजारात मिळतो. ३० ग्रॅम म्हणजे मिश्रणाचे सहा-सात चहाचे चमचे. दिवसभराचा चहा आणि एक वाटी खीर एवढ्यात ते सहज भरतं. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना पाकीट दाखवून विचारा.

पोटाचंही बघा. एरिथ्रिटॉल एका वेळी ५० ग्रॅमच्या आसपास गेलं की बऱ्याच जणांना मळमळ आणि पोटात गुडगुड होते. सणाच्या दिवशी दोन वाट्या श्रीखंड खाणाऱ्याला हे लक्षात येत नाही आणि दोष दह्याला जातो.

ज्यांना ग्लिमेपिराइड सुरू आहे त्यांच्यासाठी तर पुढचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. या गोळीने साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, डोकं सुन्न होणं, आणि मशीनवर ७० च्या खाली आकडा, अशा वेळी मंक फ्रूटचा चहा, सरबत, लाडू काहीही उपयोगाचं नाही. जिभेला गोड लागतं, रक्तात काही पोचत नाही. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा तीन चमचे खरी साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढीच द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. घरातली साखर पूर्ण हद्दपार करू नका. ग्लुकोजची डबी वेगळी, ठळक अक्षरात नाव लिहून, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. गोड कमी केल्यावर गोळीचा डोसही डॉक्टरांकडून पुन्हा बघून घ्यावा लागू शकतो.

हेच ओआरएसला लागू आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, उलट्या-जुलाब झाले की घरी साखर-मिठाचं पाणी करतात. त्यात मंक फ्रूट चालत नाही. आतड्यातून मीठ आणि त्याच्यामागून पाणी आत ओढलं जायला ग्लुकोज लागतं. १ लिटर पाण्याला ६ चहाचे सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मधुमेह्यालासुद्धा. शक्यतो मेडिकलचं ओआरएसचं पाकीटच वापरा.

आणि हिशेब पूर्ण करा. वर दिलेल्या पुरणाच्या १२ पोळ्या झाल्या तर गूळ एका पोळीत २१ ग्रॅमवरून ७ ग्रॅमवर येतो. ही मोठी कपात आहे. पण हरभरा डाळ आणि कणीक मिळून एका पोळीत सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं राहतातच. १ लिटर दुधात जवळपास ४८ ग्रॅम दुधाची साखर असते, ते आटवून अर्धा लिटर बासुंदी केली तरी ती तेवढीच राहते. "बिनसाखरेचं आहे, घ्या अजून एक" हा आग्रह पंगतीत घात करतो. पोळी एकच, ती जेवणात भात आणि दुसऱ्या पोळीच्या जागी, आणि दोन तासांनी मशीनवर तपासणी.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी साखरेचे असे पर्याय वापरू नयेत अशी शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती शिफारस लागू नाही, हे तिथेच स्पष्ट केलं आहे. म्हणून तुमच्या घरातल्या दोघांनी वापरायला हरकत नाही, पण वजनासाठी म्हणून मुलांच्या दुधात वगैरे घालू नका.

---

संत्रा_बाग_काटोल

संत्र्याचं कोणी लिहिलं नाही, आणि आपल्याकडे हिवाळ्यात मंक फ्रूटचा प्रयोग आधी संत्र्यावरच होतो, म्हणून लिहितो.

नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर थोड्या वेळाने कडवट होतो, तापवला तर आणखी. हा कडूपणा लिमोनिनचा, बिया आणि आतल्या पांढऱ्या सालीतून येणारा. साखर तो बऱ्यापैकी झाकते. मंक फ्रूट झाकत नाही, त्याची स्वतःची मागची चव त्यात मिसळते आणि सरबत औषधासारखं लागतं. म्हणून फोडी सोलून, बिया काढून, पांढरे धागे निवडून मगच रस काढा. बिया मिक्सरमध्ये चिरडल्या गेल्या की तो रस कामातून गेला. रस गाळून लगेच प्या, साठवू नका. आणि मुळात पिकलेल्या संत्र्याच्या पेलाभर रसात १८ ते २० ग्रॅम साखर असते. मधुमेह्याला रसापेक्षा अख्खं संत्रं बरं, त्यात वरून काही घालायची गरजच नाही.

जॅम आणि मुरंब्याला दोन अडचणी. साखर ६५ टक्क्यांच्या आसपास असते म्हणून जॅम टिकतो, बुरशीला पाणी मिळत नाही. मंक फ्रूटचा जॅम साध्या तापमानाला दोन-तीन दिवसांत बुरसतो. दुसरं, फळातलं पेक्टिन घट्ट व्हायला साखर आणि आंबटपणा दोन्ही लागतात. साखरेशिवाय कितीही आटवा, सेट होत नाही, करपतो. त्यासाठी ५०० ग्रॅम गराला ४ ग्रॅम अगर-अगर पावडर १०० मिली पाण्यात दोन मिनिटं उकळून मिसळा, अर्क ०.३ ग्रॅम, लिंबाचा रस एक चमचा. फ्रीजमध्ये आठवडाभर, जास्त हवा असेल तर छोट्या डब्यांत फ्रीजरमध्ये. मात्र गोठवून काढल्यावर अगरचा जॅम थोडं पाणी सोडतो, ढवळून घ्यावा. कैरीच्या पन्ह्याचंही तसंच: गुळाचा गर टिकतो, अर्काचा गर चार दिवसांच्या वर ठेवू नये. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून एकेक खडा काढला तर उन्हाळा निघतो.

संत्रा बर्फी घरी करू पाहणाऱ्यांसाठी: गर आणि खवा साखरेमुळे आवळून येतात. नुसत्या अर्काने वडी पडत नाही, चमच्याने खायचा हलवा होतो. तो चवीला चांगला लागतो, त्याला हलवाच म्हणून वाढा.

---

बर्डीवाली_सुगरण

मंडळी, शुद्ध अर्क ५० टक्क्यांचा घेते, दाणेदार पिशवी नको. काटा आणि ग्लुकोजची डबीसुद्धा. एक शेवटचं: ऑनलाइन मंक फ्रूटची रोपं विकून राहिले आहेत, आणि सुकी अख्खी फळंही मिळतात. अंगणात वेल लावून किंवा फळ उकळून काम होईल का? आणि पावसाळ्यात पावडर कशी ठेवायची?

---

लेबल_तपासनीस

रोपाच्या नादी लागू नका. पालमपूरच्या सीएसआयआर-आयएचबीटी संस्थेने याची लागवड भारतात आणली आणि २०२१ मध्ये हिमाचलच्या कुल्लू भागात शेतावरच्या चाचण्या सुरू केल्या. या वेलीला वर्षाचं सरासरी तापमान १६ ते २० अंश आणि दमट हवा लागते, आपला उन्हाळा ती सोसत नाही. शिवाय नर आणि मादी वेल वेगळ्या असतात, परागीकरण हाताने करावं लागतं. एकच रोप घेतलं तर ते जगूनही फळ देणार नाही.

सुकं फळ उकळून चालतं, पण तो काढा होतो. एक फळ फोडून कवचासकट दीड लिटर पाण्यात अर्धा-पाऊण तास मंद आचेवर उकळा. पाणी गडद तपकिरी आणि गोड होतं, धुरकट वास येतो. फळातली थोडी साखरही त्यात उतरते. गोडी प्रत्येक फळाची वेगळी, त्यामुळे मोजून पुरणात किंवा खिरीत घालता येत नाही, दूधही त्याने करडं दिसतं.

पावडर ओल धरते. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसह, गॅसपासून दूर ठेवा. दर वेळी कोरडाच चमचा, आणि उकळत्या भांड्यावर डबी उघडायची नाही, वाफेने वरचा थर आवळतो. गोळे झाले तर पावडर वाया गेली असं नाही, फक्त काट्यावरचं वजन खोटं येतं कारण त्यात पाणी मोजलं जातं. अशी पावडर सगळी एकदम द्रव करून चाखूनच वापरा.

---

वऱ्हाडी_पाकशाळा

ताई, पोळ्याच्या आधी एकदा पाव प्रमाणात पुरण करून बघा: ६० ग्रॅम डाळ, २० ग्रॅम गूळ, ०.१२ ग्रॅम अर्क. तीन पोळ्या होतील. लाटताना कडेला फाटत असतील तर सणाच्या दिवशी पुरण दोन मिनिटं आधी उतरवा आणि कणकेत फल्लीचं तेल थोडं वाढवा. अर्क नवीन कंपनीचा असेल तर ही चाचणी सोडू नका.